शारशेनबाय नावाची बोट

बोटीला म्हाताऱ्याचं नाव द्या, हे मी सुचवलं. मला कुणी विचारलं नव्हतं. हातात निळ्या रंगाचा डबा होता, पोटात घोड्याचं मटण होतं, आणि पोट भरलं की मला कल्पना सुचतात.

मे महिना होता आणि शारशेनबाय म्हातारा जाऊन वर्ष झालं, त्या वर्षाचं जेवण होतं. अंगणात मांडव, मांडवात अर्धं गाव, आणि मांडवापलीकडे ओंडक्यांवर चढवून ठेवलेली बोट. इसिक-कुल तळ्यावर प्रवाशांना फिरवून आणणाऱ्या बोटी आमच्या धक्क्यावर बऱ्याच आहेत, पण ही सगळ्यात जुनी. म्हाताऱ्यानं घेतलेली, आता थोरला मुलगा जुमाबेक चालवायचा. थंडीत तिच्यावरचं जुनं नाव पोपडे धरून गळून गेलं होतं. शाळेत माझं अक्षर बरं होतं म्हणून रंगवायचं काम मला मिळालं. शाळेचा मला आजवर झालेला उपयोग तेवढाच.

नाव तेच ठेवावं की बदलावं, असं जुमाबेक वडीलधाऱ्यांना विचारत होता. वडीलधारे हाडं चोखत होते. मी मध्येच तोंड घातलं. वयानं मोठ्या पुरुषाला आम्ही 'बायके' म्हणतो, म्हणजे दादा.

"म्हाताऱ्याचंच घाला की, बायके! 'शारशेनबाय'. अख्ख्या किनाऱ्याच्या तोंडी राहील."

हाडं चोखणं थांबलं. म्हाताऱ्याची थोरली बहीण काल्बुबु अपा डोळे पुसत म्हणाली, "पोरगं बोललं बघा! तुम्हा दाढीवाल्यांना सुचलं का कुणाला?" तिनं तळवे पसरले, सगळ्यांनी पसरले, आमीन म्हणून सगळ्यांचे हात तोंडावरून फिरले. मला वाटलं, आता मानाचं मेंढराचं डोकं माझ्यापुढे येतंय.

माझ्यापुढे चहा आला. ओतणारी होती सायराकुल एजे, म्हणजे सायराकुलताई, म्हाताऱ्याची धाकटी सून. आमच्याकडे पाहुण्याला चहा वाटीच्या तळाशी थोडासा ओततात आणि पुन्हा पुन्हा ओततात. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे प्या आणि उठा. एजेनं माझी वाटी काठोकाठ भरली. मी ती दोन्ही हातांनी धरली, थेंबही न सांडता प्यालो, आणि वर "वा, एजे!" म्हणालो.

घरी परतताना आई माझ्या पुढे पुढे चालत होती.

"छान सुचलं ना मला?" मी विचारलं.

"फार छान. आता सायराकुल माइकवर काय म्हणणार आहे? 'या या मंडळी, सासऱ्यांत बसा'?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सून सासऱ्याचं नाव घेत नाही. थोरल्या दिराचंही घेत नाही. आणि सायराकुल एजे त्याच बोटीवर प्रवाशांना माहिती सांगायची.

नाव न घेणं हे तिच्यासाठी नुसतं रीतीपुरतं नव्हतं. शारशेन म्हणजे आमच्याकडे बुधवार, त्या वारी जन्मला म्हणून म्हातारा शारशेनबाय. एजे बुधवारही म्हणायची नाही. 'मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी' म्हणायची. दीर जुमाबेक, आणि जुमा म्हणजे शुक्रवार, म्हणून तो वारही गेला. बाजारातल्या बायका तिला चिडवायच्या, "सायराकुल, आठवड्यात पाचच वार घेऊन भागतं कसं गं तुझं?" ती म्हणायची, "तुमच्या सातांत तरी कुठे उजेड पडतोय?"

तळ्याच्या पलीकडच्या तीरावरून ती लग्न होऊन आली तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची होती. नवरा रशियात बांधकामावर गेला, तिकडेच त्यानं दुसरं घर बांधलं आणि त्यात राहिला. ही सासरीच राहिली. लोकांनी विचारलं तर म्हणायची, "नवरा गेला, सासरा थोडाच गेलाय." सासरा नंतर अंथरुणाला खिळला. त्याला भरवणं, धुणं, कुशीवर वळवणं, सगळं हिनंच केलं. त्या वर्षाच्या जेवणात, मला ती कल्पना सुचण्याच्या जरासं आधी, काल्बुबु अपानं उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "माझ्या भावाची घाण हिनं हातानं काढली, पण त्याचं नाव हिच्या ओठावर एकदा आलं नाही. अशा सुना आता मिळत नाहीत." आणि एजेच्या खांद्यावर शाल घातली होती. सगळे हं हं करत होते. मीसुद्धा.

घरात तिचा आवाज कुणी फारसा ऐकला नव्हता. मोठ्यांसमोर सून हळू बोलते, आणि त्या घरात मोठे संपतच नसत. बोटीवर मात्र तिच्या हातात माइक असायचा. पहिला माहिती सांगणारा दारू पिऊन पाण्यात पडला तेव्हा म्हाताऱ्यानंच तिला बोटीवर आणलं होतं. दोर सोडला, धक्का मागे गेला, की ती एक हात कठड्यावर ठेवायची आणि तिचा गळा मोकळा व्हायचा.

"आपण उन्हाच्या बाजूला आहोत, समोर दिसतात ते डोंगर सावलीच्या बाजूचे. तिकडच्या मुली गोऱ्या, इकडच्या शहाण्या. मी तिकडे जन्मले, इकडे नांदायला आले. आता मला बघा आणि दोन्हीतलं काय उरलंय ते तुम्हीच सांगा."

लोक हसायचे. मी त्याच बोटीवर कामाला, दोर गुंडाळत हसायचो, रोज ऐकून पाठ झालेलं असलं तरी.

"आपल्या खाली एक शहर बुडालेलं आहे. घाबरू नका, ते आधीच बुडालंय. पाणी खारट आहे, कारण एक मुलगी रडली होती, असं इतर बोटींवर सांगतात. एका मुलीच्या रडण्यानं काय होणार? चुलीचा धूर डोळ्यांत गेला असं सांगून ज्या ज्या सुना इथं तोंड धुवायला आल्या, त्यांचं आहे हे. म्हणून तर हिवाळ्यात गोठत नाही."

इथं बायका हसायच्या थांबायच्या आणि पुरुष हसत राहायचे. रोज. एजे तेवढा वेळ थांबायची आणि मग दुसऱ्या डोंगराकडे वळायची.

जूनमध्ये बोट पाण्यात उतरली. दोन्ही अंगांना माझ्या सुंदर अक्षरात 'शारशेनबाय'. पहिल्या फेरीला एजेनं माइक घेतला आणि म्हणाली, "मंडळी, स्वागत. बोटीचं नाव बाहेर लिहिलंय, कॅप्टनचं नाव बुडायला लागलो की कळेलच." सगळी बोट खदखदून हसली. म्हटलं, निभावलं.

निभावलं असतंही, पण त्याच उन्हाळ्यात अल्माटीची एक प्रवासी कंपनी बसच्या बस भरून माणसं पाठवायला लागली. कंपनीच्या एक बाई होत्या, काळा चष्मा, हातात थंड कॉफी. त्यांनी पहिली फेरी केली, हसल्या नाहीत, आणि उतरताना एजेला म्हणाल्या, "सुरुवात सगळ्या बोटींवर सारखी हवी. 'शारशेनबाय बोटीवर आपलं स्वागत, आपले कॅप्टन जुमाबेक.' एवढंच. अवघड आहे का?"

"सोपं आहे," एजे म्हणाली. "नाव न घेणंच अवघड असतं. तुमच्या आजीला विचारा, तिला कळेल."

"माझी आजी बोटीवर नोकरीला नव्हती."

बाई गेल्या. जुमाबेक सुकाणूपाशी उभा होता, एजे कठड्यापाशी, मी मध्ये. दीर आणि भावजय समोरासमोर बोलत नाहीत, निदान त्या घरात नाही. म्हणून त्यांचं सगळं बोलणं माझ्यामार्फत चालायचं, दोघांमध्ये हातभर अंतर असलं तरी.

"कुबात, तिला सांग, जमाना बदलला. बाप गेला. आता नाव घेतलं तर काही पाप नाही."

"एजे, बायके म्हणतात—"

"कुबात, कॅप्टनला सांग, जेवणाच्या दिवशी हे सांगायला हवं होतं. तेव्हा मला शाल घातली."

"बायके, एजे म्हणते—"

"बहिरा नाहीये मी! तिला सांग, कंपनी गेली तर या बोटीत कोंबड्या पाळाव्या लागतील. माझी बायको बिश्केक शहरातली आहे, ती नाही घेत का नाव? खुशाल घेते."

"कॅप्टनला सांग, मग तिलाच द्या माइक. तिला बोट लागते, पहिल्या पाच मिनिटांत ओकते, तेवढं प्रवाशांनी सांभाळून घ्यावं."

मला हसू आलं आणि दोघांनी एकदम माझ्याकडे असं पाहिलं की मी जाऊन दोर तपासायला लागलो.

जुमाबेक वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला महिनाअखेरपर्यंत वेळ दिला. तेवढ्यात ते वाक्य म्हणायला शीक, नाहीतर दुसरं माणूस बघतो, असं त्यानं मला सांगितलं आणि मी ते तिला सांगितलं, जरा मऊ करून. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मऊ नको करूस. चावायला मला दात आहेत."

दोन दिवसांनी तिनं तोड काढली. बोट सुटली, माइक हातात घेतला, आणि ती म्हणाली, "मंडळी, माझा चष्मा घरी राहिलाय. ते समोर काय लिहिलंय, जरा सगळ्यांनी मिळून वाचून दाखवा बघू! जोरात!" मी आतल्या भिंतीवर तेच नाव नव्यानं रंगवलं होतं, तिच्याच सांगण्यावरून, हातभर उंच अक्षरांत. पन्नास माणसं ओरडली, "शार-शेन-बाय!" पोरं तर दोनदा ओरडली. "आणि टोपी घातलेल्या त्या माणसाच्या छातीवर काय लिहिलंय?" "जुमा-बेक!" जुमाबेक लाजून लाल झाला आणि त्यानं भोंगा वाजवला.

तिच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. पलीकडच्या तीरावरची मेंढी तिला इथून दिसायची.

जुलैभर ते चाललं, आणि असं चाललं की लोक मुद्दाम आमच्याच बोटीची तिकिटं मागायला लागले. कंपनीच्या बाईंनी व्हिडिओ काढला. एजेचा चेहरा उजळला होता. एकदा फेऱ्यांच्या मध्ये कणीस खाता खाता मला म्हणाली, "कुबात, आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या तोंडची रीतही राहिली आणि भाकरीही राहिली." इतर बोटीवाले अर्थात जळायचे. धक्क्यावर कुणीतरी म्हणायचंच, "काय सायराकुल, आज कितीला गेला सासरा?" ती हसून टाळायची, पण मान वळवून.

ऑगस्टच्या एका बुधवारी काल्बुबु अपा आली. वरच्या गावातून, आठ-दहा पाहुण्यांना घेऊन, भावाच्या नावाची बोट दाखवायला. मखमली बंडी, डोक्याला नवं कोरं पांढरं कापड गुंडाळलेलं. जुमाबेकनं तिला हाताला धरून पुढच्या बाकावर बसवलं. कंपनीच्या बाई त्या दिवशी आपल्या साहेबांना घेऊन आल्या होत्या. ते मागच्या बाकावर. मी फळी ओढून घेतली आणि एजेजवळ गेलो.

"एजे, आज राहू दे. आज सरळ डोंगरांपासून सुरू कर."

"मागे साहेब बसलाय."

"पुढे अपा बसलीय!"

"दिसतंय मला," ती म्हणाली. मग म्हणाली, "ती माझी बाजू जाणते. सगळ्या गावासमोर बोललीय ती."

तिनं माइक घेतला. आवाज नेहमीसारखाच होता. चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं, वाचायला सांगितलं, आणि साठेक माणसं, तोंडात सूर्यफुलाच्या बिया धरून, घसा ताणून ओरडली, "शार-शेन-बाय!"

काल्बुबु अपा उठली. बोट हलत होती, तरी उठली.

"कुत्र्यासारखी हाक मारतेस का माझ्या भावाला?"

पोरं आणखी एकदा ओरडायच्या बेतात होती. सगळी आयांना जाऊन चिकटली.

"तुझ्या तोंडानं घेत नाहीस आणि बाजारातल्या भिकारड्यांच्या तोंडून वदवतेस! हे बरं आहे! तूच घेतलं असतंस तर एकवेळ चाललं असतं. शाल काय उगाच घातली होती तुला?"

एजेच्या हातात माइक होता. तो तिनं खाली केला नाही. ती बोलली ते लाउडस्पीकरवरून गेलं, धक्क्यापर्यंत, शेजारच्या बोटींपर्यंत.

"अपा, बोटीला नाव मी दिलं नाही. तुम्ही सगळ्यांनी आमीन म्हटलं तेव्हा मी चहा ओतत होते. मला कुणी विचारलं नाही. घेतलं तर पोट भरतं, नाही घेतलं तर शाल मिळते, दोन्ही एकदम कसं करू ते मला कुणी सांगत नाही. सांगा ना आता. सगळे इथंच आहेत."

मी माझ्याच रंगवलेल्या अक्षरांकडे बघत होतो. 'श'ची शेपटी जरा वाकडी झाली होती.

मग एजे डोंगरांकडे वळली आणि तिनं सगळी फेरी पूर्ण केली. उन्हाची बाजू, सावलीची बाजू, बुडालेलं शहर. एक वाक्य गाळलं नाही. अपा तिच्याकडे पाठ करून बसली होती. तळं खारट का आहे ते सांगितलं तेव्हा या वेळी पुरुषही हसले नाहीत.

धक्क्यावर साहेब उतरले आणि जुमाबेकला म्हणाले की भांडणं घरी करावीत. अपा उतरली आणि म्हणाली की ही बाई पुन्हा त्या नावाच्या बोटीवर दिसली तर मी तुझ्या घरचा चहा पिणार नाही. दोघांना एकच गोष्ट हवी होती, त्यामुळे जुमाबेकचं काम सोपं झालं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. एजे माइकची वायर गुंडाळत होती.

"कुबात, तिला सांग," तो म्हणाला, "उद्यापासून माइक तू घे."

ती हातभर अंतरावर होती.

"कुबात," एजे म्हणाली, "कॅप्टनला सांग, ऐकलं."

तिनं वायर नीट गुंडाळून माझ्या हातात दिली. कुठे तुटलीय आणि कुठे चिकटपट्टी लावलीय तेही दाखवलं.

मी नाही म्हणू शकलो असतो. ते मला नंतर सुचलं. म्हटलंच आहे, मला वेळेवर फक्त चुकीच्या कल्पना सुचतात. दुसऱ्या दिवशी मी माइक घेतला आणि म्हणालो, "शारशेनबाय बोटीवर आपलं स्वागत, आपले कॅप्टन जुमाबेक." दोन्ही नावं एका दमात. कुणी मान वर केली नाही. एक बाई पोराला उकडलेलं कणीस सोलून देत होती. त्या एका वाक्यावरून एवढं सगळं झालं, आणि ते ऐकलं कुणीच नाही.

पुढचं सगळं मी तिचंच बोललो, मला दुसरं काही येत नव्हतं. मुलींचा विनोद मी मुलांवर बेतला, तो पडला. धूर डोळ्यांत जाणाऱ्या सुनांचं सांगितलं तेव्हा बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं की तो भाग मी काढूनच टाकला. आता सांगतो, एक मुलगी रडली होती. इतर बोटींवर सांगतात तसं.

गावात गोष्ट वेगळीच पोचली. सायराकुलनं माइकवरून सासरच्यांना शिव्या दिल्या, असं वरच्या गावात सांगतात. तिनं म्हाताऱ्याची सेवा केली होती, हे आता कुणी काढत नाही. काढलं तरी पुढे 'पण' लावतात. जुमाबेकनं तिला घरातून काढलं वगैरे नाही. ती तिथंच राहते, चुलीजवळ, हळू बोलत.

ऑगस्ट संपता संपता तिनं मोठ्या रस्त्यावर, बसथांब्याच्या पलीकडे, धुरावलेल्या माशांचं दुकान टाकलं. जुना मोडका फ्रिज उभा केला, खाली जर्दाळूचं लाकूड पेटवलं, आत मासे टांगले. मी बसमधून उतरलो तर ती समोरच, चेहऱ्याभोवती धूर.

"ये ये, मास्तर. चाललंय का बरं?"

"चाललंय, एजे."

"नवं दुकान बघितलंस. कोरूमदूक काढ."

नवी सून, नवं बाळ, नवी गाय, काहीही नवं पहिल्यांदा पाहिलं की पाहणाऱ्यानं काहीतरी द्यायचंच. मी खिशात हात घातला.

"पैसे ठेव तुझे. ते वाक्य म्हणून दाखव. बोट सुटताना म्हणतोस ते. तुझ्या तोंडून मी काही ते कधी ऐकलं नाही. बघू तरी, कसं लागतं कानाला."

मी तोंड उघडलं. रोज चार-पाच वेळा म्हणत होतो, झोपेतही म्हटलं असतं. तिनं काठीनं निखारे सारले आणि माझ्याकडे बघत थांबली. थट्टेत विचारतेय की खरंच, ते मला कळेना.

"एजे, इथं रस्त्यावर कुठे..."

"बरं," ती म्हणाली. "उधार."

तेवढ्यात गाडीतून एक गिऱ्हाईक उतरलं आणि त्यानं भाव विचारला. ती काय बोलली ते त्याला ऐकू गेलं नाही, त्यानं दोनदा "काय? काय म्हणालात?" केलं. मग तिनं बोटांनी दाखवलं.

आता मोसम संपलाय. बोट परत ओंडक्यांवर चढलीय. मासे लागले की मी आईला पाठवतो. परवा ती कागदात गुंडाळलेले दोन मासे घेऊन आली आणि म्हणाली, "दुकान बरं चाललंय तिचं. तुझी काही उधारी आहे म्हणत होती. किती आहे? मी देऊन टाकते."

"राहू दे," मी म्हटलं. "माझी मी देईन."